पूर्वजांचा शोध : मेहकर परिसराच्या निमित्ताने काही विचार

श्राद्धाच्या दिवशी पिंडदान करताना आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार करतो. त्यापुढचे नाव उपाध्याय विचारीत नाहीत आणि आपणही सांगत नाही. अक्षय तृतीयेला घागर भरून पितरांना पाणी देताना तर पुष्कळ घरांत दोनच नावे घेतली जातात व बाकीच्यांसाठी 'समस्त पितर' असे म्हणून ओंजळ सोडली जाते. धर्मशास्त्राने घातलेली तीन पिढ्यांची मर्यादा ही विधीपुरती होय. स्मरणाला तिने बंदी केलेली नाही. तथापि आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुळांचा इतिहास या तीन नावांपाशीच संपतो, आणि त्यापलीकडे एकदम पुराणकाळ सुरू होतो. पणजोबा आणि पुराणपुरुष यांच्यामध्ये जी कित्येक शतके गेली, त्यांत आपली माणसे कोठे होती, काय करीत होती आणि कशी जगली, या प्रश्नाचा विचार ज्ञातिबांधवांपुढे मांडावा, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

मेहकर हे गाव या विचाराला फार सोयीचे आहे. गावाच्या नावाची कथा सर्वांस ठाऊक आहे. मेघंकर नावाचा दैत्य येथे मातला, श्रीविष्णूने शार्ङ्गधर रूपाने त्याचा वध केला आणि दैत्याचे नाव गावास राहिले. दक्षिणेस लोणारला लवणासुराची अशीच कथा आहे. या कथा आपण लहानपणी ऐकल्या, मुलांना सांगितल्या आणि पुढेही सांगाव्यात. परंतु त्याच मेहकरात १८८८ साली खोदकामात शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य मूर्ती सापडली, ती गोष्ट आपल्याला निराळेच शिकविते. ही मूर्ती कोणी तरी, केव्हा तरी, संकटाच्या भयाने भूमीत दडविली असावी असे मानले जाते. ज्यांनी ती दडविली त्यांना जागा माहीत होती. कदाचित त्यांच्या मुलांनाही माहीत असेल. पुढे केव्हा तरी सांगणारा गेला, ऐकणारा राहिला नाही आणि देव पायाखाली असूनही गावाला त्याचा पत्ता नव्हता. एवढी मोठी मूर्ती जर चारदोन पिढ्यांच्या मौनाने विस्मृतीत जाते, तर एखाद्या गरीब कुळातील माणसांची नावे किती दिवस टिकणार!

कथेला कथेचे स्थान आणि पुराव्याला पुराव्याचे, हा विवेक लोणारने सर्व जगाला शिकविला आहे. तेथील विवर उल्केच्या आघाताने झाले, हे तेथील खडकांच्या अभ्यासावरून १९७३ साली शास्त्रज्ञांनी सप्रमाण मांडले. त्यामुळे लोणारच्या धारेवर स्नान करणाऱ्या भाविकाचे काही कमी झाले नाही. उलट त्या स्थळाचे महत्त्व वाढले. कुळाच्या इतिहासातही हाच विवेक बाळगावा, असे आमचे नम्र मत आहे.

आता कथा क्षणभर बाजूला ठेवून कागदांतले मेहकर पाहू. अकबराच्या काळातील 'ऐने अकबरी' या ग्रंथात सुभा वऱ्हाडातील एक सरकार म्हणून मेहकराची नोंद आहे. सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा मोठा मुलकी विभाग. पुढे १७२४ साली जवळच साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारीजखान यांची निर्णायक लढाई झाली व निजामशाहीचा पाया तेथे घातला गेला. १७६९ साली थोरले माधवराव पेशवे नागपूरकर भोसल्यांवर चालून गेले असता त्यांचा तळ मेहकरास पडला होता, आणि १८१७ साली आप्पासाहेब भोसल्यांवर जाणारी जनरल डोव्हटनची फौजही येथे उतरली होती, असे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नमूद आहे.

शाळेत आपण या घटना वाचतो तेव्हा त्यांत आपले कोणी असेल असे मनातही येत नाही. पण विचार करावा. हजारोंची फौज मैदानावर उतरली म्हणजे तिला दाणावैरण लागते, दोर लागतात, मडकी लागतात, नाल लागतात, जोडे आणि खोगिरे लागतात. गाड्यांची चाके मोडतात, ती कोणी तरी दुरुस्त करतो. रात्री मशाल धरणारा, पाणक्या आणि वाटाड्या गावातूनच घेतला जातो. गावगाड्यातील ज्या बलुतेदार जातींत आपली ज्ञाती मोडते, त्या सर्वांच्या घरांतून त्या दिवशी माणसे बाहेर पडली असतील. फौजेचे नाव कागदावर राहिले, आणि तिला पाणी पाजणाऱ्याचे राहिले नाही. इतिहास घडला तेव्हा आपण अनुपस्थित नव्हतो. आपली हजेरी कोणी मांडली नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि तीही मुळीच मांडली गेली नाही असे नाही. वतनाचा तंटा निवडताना गावच्या साक्षीने जे महजर होत, त्यांवर पाटील आपली निशाणी नांगराची करी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. अक्षर न येणाऱ्या माणसाने आपल्या धंद्याचे हत्यार काढून सांगितले की, 'मी येथे होतो, हे मी पाहिले आहे, आणि माझ्या साक्षीला मोल आहे.' जुन्या कागदांच्या तळाशी ओळीने काढलेल्या या निशाण्या पाहिल्या म्हणजे आमचा ऊर भरून येतो. आपल्या पूर्वजांची हीच स्वाक्षरी होय.

कोणाच्या वंशावळी टिकतात आणि का टिकतात, हेही समजून घेतले पाहिजे. मेहकराच्या पश्चिमेस सिंदखेडराजा येथे जाधवरावांचे घराणे नांदले. राजमाता जिजाबाईंचा जन्म तेथला. त्यांचे वडील लखुजीराव यांचा १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, घात झाला. त्यांची समाधी सिंदखेडला आजही उभी आहे. या घराण्याच्या शाखोपशाखांची माहिती मिळते, कारण त्यांच्यापाशी जहागिरी होत्या. जहागीर म्हटली की सनद आली, वाटणी आली, भाऊबंदकी आली आणि प्रत्येक तंट्यापायी वंशावळ लिहून सादर करणे आले. ज्याच्यापाशी भांडण्याजोगे काही होते, त्याचा वंश लिहिला गेला. ज्याच्यापाशी खळ्यावर मिळणाऱ्या चार पायल्या धान्यापलीकडे काही नव्हते, त्याचा वंश लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

येथेच एक मोह उत्पन्न होतो, आणि त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ज्ञातींच्या स्मरणिकांत मूळ पुरुषाविषयी जे लेख येतात, त्यांत बहुधा कोणी ऋषी, कोणी राजा, कोणी सेनापती आपला आद्यपुरुष ठरतो. एकेकाळी या लेखांचा उपयोग झाला. ज्यांना गावात मान खाली घालून चालावे लागे, त्यांना मान वर करण्यास त्यांनी बळ दिले. त्या लेखकांचा हेतू थोर होता. परंतु आज हे चालणार नाही. दुसऱ्याच्या मोठेपणाशी आपली सोयरीक जोडताना आपण आपल्या खऱ्या आजाला पणजाला घराबाहेर उभे करतो, हे ध्यानात येत नाही.

याचे एक उदाहरण, संबंधित कुळाच्या संमतीने व नावे वगळून, येथे देतो. मेहकर तालुक्यातील आपल्या एका कुळात अशी समजूत होती की, त्यांचे पूर्वज सिंदखेडकर जाधवरावांच्या फौजेत शिलेदार होते. घरातील तरुण मुलाने शोध घेण्याचे मनावर घेतले. जुनी कागदपत्रे पाहता पाहता १९०० सालच्या उन्हाळ्यातील एक मृत्यूची नोंद हाती आली. पुरुष, वय अंदाजे पस्तीस, कारण पटकी. त्यापूर्वीचा त्या कुळाचा एकही कागद त्या गावात मिळेना. कित्येक वर्षांनंतरच्या जमिनीच्या कागदात मात्र त्याच माणसाच्या विधवेचे नाव 'बेवा' म्हणून तीन एकरांपुढे होते. मधल्या काळाचा उलगडा होईना. शेवटी घरातील वृद्ध काकूंना विचारले, तेव्हा त्यांनी सहज सांगितले, "अरे, आमची आजेसासू दुष्काळात आली ना दोन लेकरं घेऊन! डोक्यावर नवऱ्याच्या हत्यारांची पिशवी होती म्हणे. सासूबाई सांगायच्या." छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, दक्षिणेकडील निजामी मुलखातून हे कुटुंब अन्नासाठी वर आले होते. गाव गाठताच कर्ता पुरुष पटकीने गेला. त्या बाईने मजुरी केली, मुलांच्या हाती बापाची हत्यारे दिली, आणि पुढे तीन एकर जमीन आपल्या नावे केली. त्या घराच्या देव्हाऱ्यात एक गंजलेले हत्यार होते. दसऱ्याला त्याची पूजा होई. पण ते तेथे का आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. त्या दिवशी ते कळले.

घरातील काही मंडळींना प्रथम वाईट वाटले. शिलेदार गेला आणि दुष्काळग्रस्त आला, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, शिलेदाराने तुमच्यासाठी काय केले? त्या बाईने जे केले, त्यामुळे तुम्ही आज आहात. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला त्या घरात तिचे नाव प्रथम घेतले गेले.

अशा शोधासाठी कोठे जावे, हे थोडक्यात सांगतो. वऱ्हाडचे राज्य वरचेवर बदलले, म्हणून कागदही विखुरले. १८५३ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. त्या काळचे दिवाणी दप्तर हैदराबादेस असून ते पुष्कळसे फारसीत आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडले गेले, १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणून नागपूर येथील पुराभिलेखागार हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण होय. वऱ्हाडची पहिली शिरगणती १८६७ साली झाली. जमिनीची मोजणी व आकारणी १८६०च्या दशकात सुरू झाली आणि शेतासमोर खातेदाराचे नाव लागू लागले. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची जी वही ठेवीत असे, ते 'कोतवाल बुक' तर गरिबांची बखरच म्हटले पाहिजे. ही पुस्तके तहसिलीच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात व रीतसर अर्ज केल्यास नक्कल मिळते. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर हे त्यानंतरचे साधन.

जुने कागद मोडी लिपीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या आजोबांच्या पिढीतील कारकून मोडी सहज लिहीत. आज वाचणारे विरळा. प्रत्येक तालुक्यातील ज्ञातीच्या निदान दोन तरुणांनी मोडी शिकावी. काही महिन्यांच्या अभ्यासाने ती वाचता येते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे, गाव आणि सोबतची माणसे यांची नोंद असते. या वह्यांचे मोल परदेशीयांनीही ओळखले. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्यांची छायाचित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतली. आपली ज्ञाती गरीब असल्याने दूरची यात्रा थोड्यांनाच घडली; पण एखादा जरी जाऊन आला असेल, तरी त्याने भावंडांची व चुलत्यांची नावे तेथे सांगितलेली असतात. याशिवाय देव्हाऱ्यातील पूर्वजांचे टाक, लग्नातील देवक, कुलदैवताचे ठिकाण आणि भाटांच्या वह्या हीही साधनेच होत.

शोध घेताना काही गोष्टींची सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आहे. म्हणून एकाच कुळात दोन पिढ्यांआड तेच नाव येते आणि आजा व नातू एकच समजले जातात. नावासमोर साल लिहिल्याशिवाय वंशावळ लिहू नये. एका पिढीस सुमारे पंचवीस ते तीस वर्षे धरावीत. दीडशे वर्षांत बारा पिढ्या निघाल्या, तर कोठे तरी घोटाळा आहे असे जाणावे. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. 'अमुक वल्द तमुक' म्हणजे अमुक हा तमुकचा मुलगा, एवढेच असते. पुष्कळ घरांची आडनावे शाळेत नाव घालताना पक्की झाली, आणि सख्ख्या भावांची आडनावेही निराळी झाली. कोतवाल बुकात कित्येकदा बाळाचे नाव नसून केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते. वये अंदाजाने सांगितलेली असतात. एका कागदावर विश्वासून निर्णय न करता दुसऱ्याने त्याची पडताळणी करावी.

स्त्रियांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. जुन्या कागदांत स्त्री 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, किंवा 'बेवा' म्हणून येते. तिचे माहेर, तिचे आईबाप यांचा पत्ता नसतो. वंशवृक्ष म्हणून आपण जे चित्र काढतो, त्यात बापाखाली मुलगे आणि मुलग्यांखाली नातू; जणू या वंशात कोणी आई झालीच नाही! महालयात मात्र माता, पितामही व प्रपितामही यांचाही उच्चार असतो. विधीने जे राखले, ते वंशावळीने टाकले. मेहकरात कंचनीचा महाल म्हणून पडकी वास्तू प्रसिद्ध आहे. कंचनी म्हणजे नर्तकी. एवढी वास्तू तिच्या नावाने ओळखली जाते, पण ते नाव धंद्याचे आहे. तिचे स्वतःचे नाव काय होते, हे लोकांच्या स्मरणात उरलेले नाही. आपल्या घरातील आज्या पणज्यांची गत याहून निराळी होऊ नये, अशी इच्छा असेल, तर प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, गाव व आईचे नाव वहीत लिहिलेच पाहिजे. असे केल्याने एक लाभही होतो. माहेर कळले की सोयरिकीचे जाळे कळते, आणि कूळ कोणत्या मुलखातून आले याचा माग त्यावरूनच बहुधा लागतो.

सांप्रत पूर्वजांचे कागद शोधण्याची धावपळ घरोघर चालते ती मुख्यतः जातवैधता प्रमाणपत्रासाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. मुलाचा प्रवेश तोंडावर आला म्हणजे बाप तहसिलीत खेटे घालतो, पणजोबांची एक नोंद मिळवितो, प्रमाणपत्र हाती पडताच ती नक्कल फडताळात टाकतो आणि पणजोबांना पुन्हा विसरतो. हा शोध गरजेचा आहे, यात शंका नाही. त्यावर मुलांचे भवितव्य अवलंबून असते. परंतु ज्या कागदाने आपल्या मुलाला महाविद्यालयाचे दार उघडून दिले, त्या कागदातील माणूस कोण होता, एवढे तरी त्या मुलास सांगावे. ज्यांचे कागद वेळेवर मिळाले नाहीत, त्यांची शिक्षणाची वर्षे वाया गेली, हे आपण समाजात पाहतोच. प्रत्येक कुळाने आपली नोंदवही आधीच सिद्ध ठेवली असती, तर त्यांतील काहींचे नुकसान टळले असते.

महाराष्ट्रात कागद शोधण्याची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. पुण्यास १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आपल्याच बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहून या प्रांताला त्याचा भूतकाळ दाखविला. या थोर पुरुषांनी राजे, सरदार आणि प्रांत यांचा इतिहास उजेडात आणला. घराघरांचा इतिहास लिहिण्याचे काम मात्र त्या त्या घराचेच आहे. ते दुसरा कोणी येऊन करणार नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची एक सूचना आहे. येत्या पितृपक्षात प्रत्येक घराने एक जाड पुठ्ठ्याची वही आणावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ, विशेषतः वृद्ध स्त्रीजवळ, बसून ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. कोणते नाव कागदावरून घेतले आणि कोणते ऐकून, हे स्पष्ट लिहावे. पूर्वजांचे दैन्य, कर्ज, स्थलांतर, घरातील भांडणे यांपैकी काही लपवू नये आणि नसलेला मोठेपणा घालू नये. तालुका शाखेने अशा वह्यांची एक एक प्रत आपल्या कार्यालयात सुरक्षित ठेवावी.

वृद्ध मंडळी दरवर्षी कमी होत आहेत. याच स्मरणिकेतील श्रद्धांजलीची पाने उलटून पाहावीत. त्यांत ज्यांची छायाचित्रे आहेत, त्यांतील प्रत्येकाने आपल्याबरोबर निदान दोन पिढ्यांची नावे नेली आहेत. कागद उद्याही मिळेल. तो तहसिलीत आहे. डोक्यावर हत्यारांची पिशवी घेऊन दुष्काळात चालत आलेली पणजी मात्र कोणत्याही तहसिलीत मिळत नाही. ती आज कोणा काकूच्या, कोणा आत्याच्या आठवणीत आहे. तेथे आधी जावे, एवढीच सर्वांस विनंती.